राहणे बंद केल्याची तारीख

कागद बशीखाली ठेवला होता. मुलाची ती जुनी सवय आहे, माझ्यासाठी काही महत्त्वाचं असलं की चहाच्या बशीखाली सरकवायचं, म्हणजे आई पाहिल्याशिवाय राहणार नाही. बूट चढवता चढवता तो म्हणाला, "बाकी सगळं मी भरलंय. अकरावा रकाना तेवढा तुझ्या हाताने लिही, तारीख टाक, खाली सही कर. संध्याकाळी सल्लागाराला पाठवायचंय, उद्या मुदत संपते." कसली तारीख, असं मी विचारलं. "लिहिलंय त्यात. तू इकडे आलीस ती टाक, दुसरं काय," आणि दार लागलं. सून आधीच गेली होती, तिची नोकरी इस्पितळात एक्स-रे काढायची. नात शाळेत. मी चष्मा लावला आणि अकरावा रकाना वाचला. आपण सदर घरात राहणे कोणत्या तारखेपासून बंद केले?

मी तो दोनदा वाचला, मग बोट ठेवून वाचला. चहावर साय धरली. राहणे बंद केले. नळ बंद करतात, दुकान बंद करतात, गावाला जाताना दूध बंद करतात. निघायच्या आदल्या दिवशी मी यादी केली होती, काय काय बंद करायचं त्याची. दूध, पेपर, गॅस, मागच्या खिडकीची वरची कडी, विजेचं मोठं बटण नको कारण पुढच्या खोलीत भाडेकरू येणार. नऊ गोष्टी होत्या, एकेकीवर काट मारत गेले, मला आजही क्रमाने आठवतात. राहणं त्या यादीत नव्हतं. ते बंद करायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी तर तीन महिन्यांसाठी निघाले होते. सुनेचे दिवस भरले होते, बाळंतपण करायचं, बाळ जरा मान धरू लागलं की परत. मग थंडी आली, एवढ्या थंडीत कुठे जातेस. मग सुनेची रजा संपली. मग पाळणाघरात जागा मिळेना. मग मुलाने नवीन घर घेतलं, त्यात माझी म्हणून एक खोली काढली, खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो अशी. कोणी मला अडवलं नाही, कोणी जा म्हटलं नाही. सहा वर्षं झाली. मध्ये तिसऱ्या वर्षी एकदा अकरा दिवस जाऊन आले, तेवढंच.

घर म्हणजे काही वाडा नव्हे. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर. हे मोजणी खात्यात होते, साखळी टाकून लोकांच्या जमिनी मोजायचे, तर गृहप्रवेशाच्या दिवशी त्यांनी पाहुण्यांच्या देखत आमचं घर मोजलं आणि म्हणाले, कागदावर आहे त्यापेक्षा बोटभर जास्त भरतंय, बोलू नका कोणी. निघताना मी पुढची खोली भाड्याने दिली ती भाड्यासाठी नाही, बंद घराला अवकळा येते म्हणून. घेतली ती दातांच्या कवळ्या करणाऱ्या एका बाईने. डॉक्टर माणसांच्या हिरड्यांची मापं पाठवतात, ही त्यात प्लास्टर ओतून साचे काढते, त्यावर दात बसवते. मुलाने तिचं नाव कवळीबाई पाडलं. आतली खोली मी माझ्याकडे ठेवली. तिच्यात यांची खाट, माझी ट्रंक आणि भिंतीत देवांची फळी. कुलूप घातलं आणि किल्ली बरोबर आणली.

करखात्याचा कागद तेव्हापासून दर वर्षी येतो. त्याचा नियम मला मुलाने पहिल्याच वर्षी समजावला होता आणि मला तो आवडला होता, खरं सांगते. नियम असा, की आपण ज्या घरात राहतो त्यातली एखादी खोली दुसऱ्याला दिली तर तेवढ्या थोड्या भाड्यावर कर नाही. जणू सरकारलाही कळतं, की आपलं घर उघडून कोणाला आत घेणं हा धंदा नसतो. मालक परदेशात राहत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मग भाडेकरूनेच दर महिन्याला भाड्यातून कर कापायचा, सरकारात भरायचा आणि उरलेलं मालकाला पाठवायचं. पहिली तीन वर्षं कागद माझ्याकडे आला. त्यात प्रश्न होता, आपण स्वतः या घरात राहता काय. मी लिहिलं, होय. तिन्ही वर्षं माझ्या हाताने लिहिलं, होय. पुढे मुलगा म्हणाला, आता सगळं संगणकावर असतं, मी बघतो, आणि बघू लागला.

मी खोटं लिहिलं नाही. हे मला आज कोणाला तरी सांगायचं होतं आणि घरात भिंतीशिवाय कोणी नव्हतं. मी रोज पहाटे मानसपूजा करते. देव तिथे आहेत, मी इथे आहे, तर मनानेच जायचं. मनाने म्हणून काही गाळायचं नाही, हे माझं व्रत. फाटकापासून सुरुवात करायची. तिसऱ्या पायरीचा कोपरा उडालाय, तिथे पाय जपून. कुलूप जरा वर उचलून फिरवावं लागतं. आधी केर काढायचा, खाटेखालचासुद्धा, मग यांच्या खाटेवरची चादर झटकून चारी कोपरे ओढून घ्यायचे, मग पाणी, मग देव, मग दिवा. आपण इथे सहाला बसलो की तिथे दुपार असते, कवळीबाई कामावर गेलेली असते, तिला अडचण नको म्हणून मला ती वेळ बरी. चाळीस मिनिटं लागतात. घाईने वात लावली असं वाटलं तर मी परत फाटकापाशी जाते. त्या वेळात नातीने दार ढकललं की सून हळूच म्हणते, "थांब, आजी घरी गेलीय." घरात तो विनोद आहे, मलाही हसू येतं, पण मी त्याला विनोद कधीच मानला नव्हता. जी बाई रोज उठून जिथला केर काढते ती तिथे राहत नाही तर कुठे राहते?

आणि खोटं न बोलणं हेही व्रतच. ते घेतलं त्याला चौदा वर्षं झाली. हे शेवटचे इस्पितळात होते. सारखं एकच विचारायचे, घरी कधी. मी सांगितलं, परवा नेणार आहेत. डॉक्टरांनी मला सकाळीच बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता न्यायचं नाही. तरी मी म्हटलं, परवा, आणि त्यांनी ते खरं मानलं, कारण तीस वर्षांत मी त्यांना फसवलं नव्हतं. म्हणाले, खाट खिडकीशी लाव. परवा उजाडलाच नाही. त्यानंतर मी तोंडाने किंवा हाताने खोटं केलेलं नाही, आणि रोज संध्याकाळी एका छोट्या वहीत खूण करते, दिवस नीट गेला म्हणून. कधी एखादी ओळ लिहिते, बहुतेक नुसती रेघ. त्यांची खाट मी खिडकीशी लावली ती ते गेल्यावर. रोज पहाटे चादरीचे कोपरे ओढताना मला वाटायचं, आणलं की नाही मी तुम्हाला घरी. जरा उशीर झाला इतकंच.

कागदाला सल्लागाराचं पत्र जोडलेलं होतं. कवळीबाईला करखात्याची नोटीस आली होती. त्यांनी कुठून तरी ताडून पाहिलं, की मालकीण सहा वर्षं परदेशात आहे आणि भाडेकरूने एकदाही कर कापलेला नाही. तेव्हा सगळा थकलेला कर दंडासकट तिच्याकडून वसूल करायचा. सल्लागाराने लिहिलं होतं, की मालकिणीने राहणे बंद केल्याची खरी तारीख देऊन आधीची माहिती चुकीची होती असं कबूल केलं, तर जबाबदारी मालकिणीवर येते आणि भाडेकरू सुटते, कारण ती मालकिणीच्या शब्दावर विसंबली. ती सुटलीच पाहिजे, यात मला शंका नव्हती. पान उलटलं, मुलाने भरलेले रकाने उगाच पाहत गेले, त्याचं अक्षर लहानपणासारखंच उजवीकडे कललेलं. सातव्या रकान्यात, भाड्याने दिलेला भाग, पुढे लिहिलं होतं, संपूर्ण घर, दोन वर्षांपासून. आठव्यात, मालकाने स्वतःकडे राखलेल्या खोल्या. शून्य.

चूक झाली असेल. तो घाईत असतो. मी कवळीबाईला फोन लावला, तोंड दिसतं तसला.

"काकू? बरं आहे ना सगळं?" तिच्या भुवयांवर पांढरी पूड होती. "त्या कागदाचं काही झालं का हो? घाई नाही. म्हणजे घाई आहे, पण तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

"आज पाठवतोय. तुझं कसं चाललंय?"

"माझं काय. दात टोपलीभर आहेत, चणेच तेवढे नाहीत." ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "खात्यावर टाच आणतील म्हणतात काकू. बत्तीस जणांची मापं येऊन पडलीत. सामान कुठून आणू?"

"काही होणार नाही तुला," मी म्हटलं. "मला जरा घर दाखवतेस?"

"आत्ता? पसारा आहे."

"असू दे."

तिने पुढची खोली दाखवली, स्वयंपाकघर दाखवलं, ओट्यावर तिने नवी फरशी बसवून घेतली होती ती दोनदा दाखवली. मी म्हटलं, आतली. फोन हलायचा थांबला. तिचा आवाज आला, चेहरा नाही. "दादांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

"दाखव."

खोली पांढरी होती. जमीन, भिंतीचा खालचा भाग, पंख्याची पाती, सगळ्यावर तलम पांढरं बसलेलं. खिडकीला फळकूट ठोकलं होतं, पूड बाहेर उडून शेजारी तक्रार करतात म्हणून. खाटेच्या जागी घासायचं यंत्र. आणि भिंतीतल्या फळीवर, जिथे मी रोज पहाटे हात जोडते तिथे, जबडे होते. प्लास्टरचे जबडे, वरचे आणि खालचे, जोडीजोडीने, ओळीने, प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा. काहींत दात होते, काही नुसत्याच हिरड्या. वातीने भिंतीला काळा डाग पडला होता, मी तो कधी पुसू दिला नव्हता, त्यावर रंग मारलेला. सगळे जबडे माझ्याकडे तोंड करून होते.

"देव?" मी विचारलं.

"आहेत ना काकू, असं कसं." ती स्टुलावर चढली, माळ्यावरून एक डबा काढला, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. "पूड लागू नये म्हणून. शनिवारी काढते, पुसते, परत ठेवते. मला तुमच्यासारखं काही येत नाही हो."

"खूप केलंस," मी म्हटलं. ते खरंच होतं. "खाट?"

"खाट खालच्या पहारेकऱ्याला दिली दादांनी. लॅब बंद पडली ना आमची, तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, आतली खोली देता का, घरूनच काम करते, भाडं वाढवून देते. दोन वर्षांपूर्वी याच महिन्यात, पाच तारखेला सुताराने कोयंडा काढला, सहापासून मी बसले. काकू, तुम्हाला माहीत नव्हतं होय? मला वाटलं तुम्हीच..." मग अगदी मनापासून, "तुम्ही आलात की माझ्याकडेच उतरा बरं का. पाहुण्यांसाठी गादी आहे माझ्याकडे, नवीच आहे."

फोन ठेवल्यावर मी वही काढली. मला वाटत आलं होतं, की काही झालं तर मला कळेल. फळीला वाळवी लागली, भिंतीला ओल आली, तरी केर काढता काढता माझ्या हाताला ते लागेल. माझी सगळी श्रद्धा त्या कळण्यावर होती, देवावर होती असं मी समजत होते इतकंच. दोन वर्षांपूर्वीचा तो महिना उघडला. पाच तारीख, रेघ. सहा तारीख, रेघ. सात तारखेला ओळ होती. आज वात फार स्थिर होती, डोळे भरून आले, आपण इथेच आहोत असं वाटलं. ती पहाट मला आठवते. तशी पहाट सहा वर्षांत दोन-तीनदाच आली. माझ्या सगळ्यात चांगल्या पूजेच्या वेळी खाट पहारेकऱ्याच्या खोपटात होती, देव डब्यात होते आणि मी परक्या माणसांच्या हिरड्यांपुढे दिवा लावून रडत होते. आणि मला काही कळलं नाही. पुढे सातशेच्या वर पहाटे मी त्या यंत्राच्या आरपार चालले, नसलेल्या चादरीचे कोपरे ओढले. कोणी हाताला धरून थांबवलं नाही. ज्याला मी बोलावत होते त्याने तरी सांगायचं. की तो कधी त्या फळीवर नव्हताच? तोंडाशी एकेक नाव आलं, रोज येतं तसं, आणि कोरडं पडलं.

जेवायच्या सुट्टीत मुलाला फोन केला. त्याच्या मागे ताटं वाजत होती.

"आतली खोली दिलीस?"

"कवळीबाईने सांगितलं वाटतं."

"मी पाहिली."

"आई, तुला वाईट वाटलं असतं म्हणून नाही बोललो."

"आता वाटतंय ना."

"आता वाटतंय, म्हणजे मधली दोन वर्षं तर वाचली." त्याला ते विनोदाने म्हणायचं होतं, जमलं नाही. "आई, कुलपात पडलेली खोली होती. तिची सोय झाली. तू कुठे जाणार होतीस परत?"

हे त्याने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणी ते वाक्य पुरं केलं. मी म्हटलं, "आजची तारीख टाकली तर चालेल?"

"आजची? कशी चालेल? पासपोर्टवर शिक्के आहेत. उलट चौकशी लागेल, ती बाई आणखी अडकेल. विमानाची तारीख टाक. खाली ओळ छापलेलीच आहे, यापूर्वी दिलेली माहिती चुकीची होती. दंड मी भरतो, तू कशाला काळजी करतेस?"

"चुकीची नव्हती."

"आई."

"मी राहत होते."

"कुठे?" त्याने विचारलं, अगदी सौम्यपणे, ताप उतरला का विचारावं तसं. काल कोणी विचारलं असतं तर मी फाटकापासून सांगितलं असतं. मी म्हटलं, जेव तू, गार होईल.

मग दुपारभर मी कागदासमोर बसले. माझ्यापुढे तीन तारखा होत्या. सुताराने कोयंडा काढला ती. आजची, कारण आज पहाटेपर्यंत मी तिथे होते, माझ्या जिवाला विचारलं तर खरी तीच. आणि विमानाची. पहिली सरकारला नको होती. दुसरी लिहिली तर त्या बाईचं खातं बंद, बत्तीस माणसं दातांवाचून. मी खरं धरून बसायचं आणि त्याचा दंड तिने भरायचा, असलं कसलं व्रत? विमानाची तारीख लिहायची म्हणजे लिहून द्यायचं, की त्या दिवसापासून मी तिथे नाही. मग ते तीन होय खोटे. मग वहीतल्या सहा वर्षांच्या रेघा खोट्या, केर खोटा, वात खोटी. आणि खाट तर कधीच खिडकीशी नव्हती, मी त्यांना दुसऱ्यांदा फसवलं, आणि या वेळी रोज फसवलं. हे म्हणायचे, मोजणीत माणसाला नेहमी वाटतं आपली जमीन जास्त भरेल, साखळी टाकली की कमी भरते, तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघू नये. समोरच्या जिन्यावर एक माणूस सामान घेऊन चढत होता, दर मजल्यावर थांबत होता. तो वर पोचेपर्यंत मी थांबले. मग पेन उचललं आणि विमानाची तारीख लिहिली, दिवस, महिना, वर्ष, प्रत्येक चौकटीत एक आकडा. यापूर्वी दिलेली माहिती चुकीची होती. खाली सही केली. वहीत आज काही लिहायचं नव्हतं, म्हणून ती कपाटात कपड्यांच्या तळाला ठेवली.

मुलगा आला, कोट न काढताच कागद पाहिला, मोबाइलने फोटो काढला, पाठवला. "सुटली बिचारी," म्हणाला, आणि जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "तुला देव इकडे मागवून घ्यायचे का? कुरिअरने येतील." मी म्हटलं, राहू दे, ती पुसते शनिवारी. कवळीबाईचा निरोप आला, काकू तुमचे उपकार कसे फेडू, आणि हात जोडलेलं एक चित्र. सून भांडी विसळत होती. मी पुसून ठेवत होते. तिने नळ बारीक केला.

"आई, एक विचारायचं होतं. सोमवारपासून माझी शिफ्ट साडेसहाची झालीय. हिला उठवून, आवरून, बसपर्यंत सोडायला कोणी नाही. पण तुमची ती वेळ असते ना घरी जायची. मी दुसरं काही बघू का?"

शेवटची ताटली पुसून मी मांडणीत लावली.

"कशाला?" मी म्हटलं. "सहाला उठवीन तिला. मी इथेच असते."